मान हलवणारे सर

आमच्या सरांना कुणी वेळ विचारली तरी ते वेळ सांगत नसत. हातात घड्याळ, तेही चांगलं चालणारं. विचारणारा घाईत, गाडी पकडायची म्हणून उभ्याउभ्या विचारतोय. आणि सर त्याच्याकडे मोठ्या मायेनं बघून म्हणणार, "तुम्हाला किती वाजले असं वाटतं?" जालन्याचा माणूस असल्या प्रश्नाला काय उत्तर देईल? एक टांगेवाला म्हणाला होता, "साब, मला वाटून काय फायदा? गाडी माझ्या वाटण्यावर थोडीच थांबती!"

खरं सांगते, मला त्या माणसाचा इतका राग आहे की आज एवढी म्हातारी झाले तरी त्याची आठवण निघाली की माझी गॅसवरची भाजी करपते. आणि राग तेवढाच असता तर बरं होतं. मायाही वाटते. त्या मायेचाच मला जास्त वैताग येतो.

सर दिसायला किरकोळ. जालन्याच्या उन्हाळ्यातसुद्धा अंगात काळा लोकरीचा कोट, हातात छत्री, आणि प्यायला उकळलेलं पाणी, तेही गरमच. हैदराबादेत शिकले, मग परदेशात जाऊन माणसाच्या मनाचं शास्त्र शिकून आले. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक तो कोट, आणि दुसरी ही सवय, की समोरच्याला कधीही, काहीही झालं तरी सल्ला द्यायचा नाही. सल्ला दिला की माणूस लुळा होतो, असं ते म्हणत. माणसाचं उत्तर माणसाजवळच असतं, आपण फक्त ऐकायचं, मधे बोलायचं नाही. ऐकताना ते मान हलवत. हळू, खाली-वर, खाली-वर.

या मान हलवण्यापायी त्यांची मिशी गेली होती. न्हाव्याकडे बसले असताना त्यानं आपलं गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली, सर ऐकत होते, मान हलत होती, आणि मधेच न्हाव्यानं विचारलं, "मिशी काढून टाकू का, मास्तरसाब?" सर आपल्याच तंद्रीत. मान हललीच. दुसऱ्या दिवशी वर्गात आले ते तोंड सोललेल्या बटाट्यासारखं घेऊन. आम्ही हसू दाबून बसलो होतो. ते म्हणाले, "तुम्हाला हसू येतंय." आम्ही म्हटलं, "हो सर." झालं, पुढं शिकवायला लागले.

आता हा वर्ग कसला ते सांगते. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. शाळा निघत होत्या, शिपायापासून हेडमास्तरापर्यंत सगळ्यांची भरती चालू होती. एका शिक्षणसंस्थेच्या मनात आलं, की प्रत्येक मोठ्या शाळेत एक सल्लागार असावा. पोरांच्या मनातलं ऐकणारा, घरची अडचण समजून घेणारा, पुढं काय शिकावं ते बघणारा. हल्ली त्याला समुपदेशक म्हणतात, मोठमोठ्या पाट्या लागतात. तेव्हा तो शब्द कुणाच्या बापाला माहीत नव्हता. बी.ए. झालेल्यांनी एक वर्ष शिकायचं, प्रात्यक्षिक करायचं, परीक्षा द्यायची आणि मग सरकारी शाळेत नेमणूक. आम्ही मोजून सहा जण होतो. चार पुरुष, आणि मी आणि शकू.

वर्ग भरायचा जुन्या जालन्यात, एका अडत दुकानाच्या माडीवर. खाली ज्वारी, तूर, मिरची. मिरचीची पोती उतरली की वर मानसशास्त्र बंद आणि शिंका चालू. पुस्तकं सगळी इंग्रजी, सगळ्यांत मिळून एक-एक प्रत. बुद्धी मोजायची चित्रं परदेशातली. एका चित्रात माणूस बर्फावरून घसरतोय. ते आम्ही शाळेतल्या पोरांना दाखवायचो आणि काय चाललंय ते विचारायचो. पोरं म्हणायची, "कापसात पडलाय." एकजात सगळी. आमच्या जिनिंगच्या आवारात पोरं तशीच पडायची. पुस्तकाप्रमाणे ते उत्तर चूक. सर म्हणाले, उत्तर बरोबर आहे, चित्र चूक आहे. तेव्हा मला हा माणूस फार आवडला होता.

ऐकण्याचा तास म्हणजे करमणूक. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं मनातलं सांगायचं, दुसऱ्यानं तेच त्याला परत सांगायचं. माझी जोडी एका परभणीच्या गृहस्थाशी. मी म्हटलं, "काल वहिनीनं माझ्या वाटणीचं दूध मांजराला घातलं."

"म्हणजे तुम्हाला वाईट वाटलं."

"वाईट न्हाई हो, डोकं फिरलं!"

"म्हणजे तुमचं डोकं फिरलं."

"आता मी तेच तर सांगून राह्यले ना!"

"म्हणजे तुम्ही तेच सांगून राह्यल्या."

मी चप्पल शोधायला लागले, तेवढ्यात सर मागून म्हणाले, "छान, छान!"

काही शब्द वर्गात बंद होते. "असं कर" बंद. "पाहिजे" बंद. "नको" तर पार बंद. कुणाच्या तोंडून सल्ला निघाला की सर छत्री जमिनीवर आपटायचे आणि त्याला गॅलरीत उभं करायचे. अहो, मराठवाड्याची माणसं आम्ही! रस्त्यात कुणाचा पाय मुरगळला तर चार जण तेल सांगतात, पाचवा देव सांगतो. तासाला निम्मा वर्ग गॅलरीत असायचा. खालचे हमाल वर बघून ओरडायचे, "काय मास्तर, आज कोणाचं भलं केलं?"

मान हलवण्याचाही एक तास होता. सरांनी शिकवलं, "मान हलवणं म्हणजे 'बरोबर' नव्हे, 'हो' नव्हे. अर्थ एवढाच, की मी इथं आहे, तुमचं माझ्यापर्यंत पोचतंय."

शकू म्हणाली, "सर, पण आमच्याकडं मान हलवली की हो समजतात. मोठ्या माणसाला कुणी तोंडानं हो म्हणायला लावतच न्हाई. ते नको म्हणाले न्हाईत, म्हणजे झालं."

सर म्हणाले, "तुम्हाला त्याची काळजी वाटते." आणि मान हलवली. सगळे हसलो. शकूही हसली.

शकू पेशकारांची एकुलती एक. तिचे वडील मुन्सफ कोर्टात पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशापुढं कागद ठेवणारे. उर्दू फर्डं, माणूस सज्जन, आणि स्वतःच्या डोक्यानं काही ठरवायचं म्हटलं की घाम फुटायचा. इंटर झाल्यावर शकूला वाटूरला दिली. जमीनदार घर, घरी दूधदुभतं, मुलगा एकटा. मुलाच्या डोक्यात बिघाड आहे हे लग्नानंतर कळलं. चांगला असायचा तेव्हा चांगला. बिघडला की कुणीतरी आपल्याला मारायला येतंय असं वाटायचं आणि जो हाताशी येईल त्याचा गळा धरायचा. दोनदा शकूचा धरला. दुसऱ्यांदा ती तशीच निघून जालन्याला आली, औरंगाबादेस राहून बी.ए. झाली आणि आमच्या वर्गात आली. हे सगळं ती सपाट आवाजात सांगायची, जसं काही दुसऱ्या कुणाचं आहे. एकच गोष्ट सांगताना आवाज हलायचा, "मला नोकरी लागली ना, की मंग मला कुणी कुठं धाडू शकत न्हाई."

आणि ऐकायचं तर काय ऐकायची ती! आम्ही बाकीचे ऐकायचं नाटक करायचो. प्रात्यक्षिकाला गावातली माणसं यायची. एका कापडवाल्याची बायको आली होती, तोंडाला कुलूप लावलेली. आधी आमच्यातल्या एकानं तिच्यापुढं बसून घाम गाळला, काही नाही. मग शकू बसली. खुर्चीवर नाही, खाली सतरंजीवर, तिच्या शेजारी. कितीतरी वेळ दोघी नुसत्या बसल्या. मग ती बाई बोलायला लागली ती थांबेचना. मेलेलं मूल, सासू, दुकान, सगळं. शकूनं एक शब्द जास्तीचा काढला नाही. जाताना ती बाई म्हणाली, "आज बरं वाटलं माय. कुणी मधी बोललं न्हाई." बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं बसून आम्ही बघत होतो. सरांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. म्हणून सांगते, त्यांची विद्या खोटी नव्हती. खोटी असती तर मी केव्हाच विसरले असते.

त्या उन्हाळ्यात शकूची सासू वारली. आणि सासरे तिला न्यायला जालन्याला आले.

वाटूरचे पाटील काही कसाई नव्हते. तसे असते तर सोपं होतं. थकलेला, वाकलेला माणूस. पेशकारांच्या ओट्यावर दोन दिवस बसून राहिले. आरडाओरडा नाही, धमकी नाही. नुसतं, "पोरीला धाडा." पेशकारांची झोप उडाली. शेवटी ते म्हणाले, शकूचे सर परदेशात शिकलेले, तिचे गुरू. ते म्हणतील तसं करू. आणि शकूला एकटीला म्हणाले, "त्यांनी नको म्हटलं ना, की मी पाटलाला तोंडावर सांगतो. मग माझ्यावर बोल न्हाई येणार."

शकू आदल्या दिवशी सरांकडे गेली. आम्ही दोघी गेलो, मी जिन्यात थांबले. ती म्हणाली, "सर, उद्या आबा आणि सासरे येतील. तुम्ही नुसतं नको म्हणा. एवढंच. बाकी आबा बघतील."

सर म्हणाले, "मी तुमच्यासाठी बोलावं असं तुम्हाला वाटतं."

"हो सर."

सरांनी मान हलवली.

ती जिन्यावरून उड्या मारत खाली आली. माझे दोन्ही हात धरले. "सुटले गं मी, सुटले!" तीच ती शकू, जिनं वर्गात शंका काढली होती. तिलाही तेव्हा ती मान 'हो'च वाटली. माणूस बुडायला लागला की जे हाती लागेल ते धरतो, त्याला काय म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी सगळे माडीवर आले. सरांच्या दृष्टीनं ती प्रात्यक्षिकाची एक बैठकच होती, म्हणून आम्हाला पडद्यामागं बसवलं. पडद्यामागच्यांनी आवाज करायचा नाही हा नियम. सरांनी दोन खुर्च्या छत्रीनं मोजून तिरप्या मांडल्या होत्या. पाटील खुर्चीवर बसेनात, खाली बसले. म्हणून सरही कोटासकट खाली बसले.

पाटील म्हणाले, "मास्तरसाब, माझं पोरगं वाईट न्हाई. डोस्कं बिघडलंय त्याचं. माय होती तवर तिनं सांभाळलं. आता साखळीनं बांधून आलोय इकडं. स्वतःच्या पोराला साखळी घातली मी, जनावराला घालतो तशी." आणि तो म्हातारा रडायला लागला.

सर म्हणाले, "तुम्हाला फार एकटं वाटतंय."

"बराबर बोलले, साब. बिलकुल बराबर." पाटलांनी सरांचा हात धरला.

मग पेशकार बोलले. "सर, माझं डोकं चालून न्हाई राह्यलं. एकीकडं लोक काय म्हणतील, एकीकडं ही पोर. तुम्ही हिचे गुरू. धाडू का नको, तेवढं सांगा."

"तुम्ही पेचात आहात."

"पेचातच हाय ना, म्हणून तर आलो. नको म्हणता का?"

खाली हमाल पोती टाकत होते, त्याचा धपधप आवाज येत होता. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, म्हणा एकदाचं! सर शकूकडे वळले. किती मायेनं वळले, ते मला अजून दिसतंय. म्हणाले, "शकुंतलाबाई, तुम्हाला काय वाटतं?"

आता मला सांगा, बाप बसलाय, सासरा बसलाय, आणि त्यांच्या देखत सून म्हणणार का, मला नवरा नको? परदेशात म्हणत असतील. आमच्या जालन्यात पोरीनं असल्या वेळी तोंड उघडणं म्हणजे बापाच्या तोंडाला काळं फासणं. शकूनं सरांकडे बघितलं. तुम्ही म्हणणार होतात ना, असं ते बघणं होतं. मग मान खाली घातली, पदर पुढं ओढला.

पाटील डोळे पुसत हसले. "लाजली बगा."

पेशकारांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा सरांकडे. दबकत म्हणाले, "म्हणजे... धाडावं म्हणता?"

आणि सरांची मान हलली. हळू, खाली-वर.

मी पडदा सारून बाहेर आले. नियम गेला चुलीत. "सर, नको म्हणा! तोंडानं म्हणा! ते हो समजून राह्यले!"

पेशकार म्हणाले, "पोरी, मोठी माणसं बोलून राह्यली. मधी पडू नये." आणि सरांनी काय करावं? मी तो बंद शब्द उच्चारला म्हणून त्यांनी सवयीनं छत्री आपटली, आणि मला गॅलरी दाखवली. मी गेले नाही. तिथंच उभी राहिले. मग मात्र सर भानावर आल्यासारखे झाले. म्हणाले, "पेशकारसाहेब, मी काही ठरवलेलं नाही. निर्णय तुमचा आहे."

"निर्णय आमचाच सर. तुमची मान्यता मिळाली, माझ्या मनाचं वझं उतरलं."

"मी मान्यता दिली नाही. मी ऐकत होतो."

"ते तुमचं मोठेपण," पाटील म्हणाले. पिशवीतून नारळ काढला, सरांच्या हातात ठेवला आणि पाया पडले. सरांनी नारळ घेतला. वयानं मोठा माणूस नारळ देतोय, तो नाकारायचा कसा, हा विचार केला असेल. आमच्याकडं नारळ हातात पडला की बोलणं मिटलं. पाटील उठले, पेशकार उठले, शकू उठली. "नको" एवढंच म्हणायचं होतं हो. दोन अक्षरं. तो माणूस दहा वर्षं शिकला होता, आणि दोन अक्षरं त्याच्या तोंडातून निघाली नाहीत.

जिन्यात शकू मला म्हणाली, "काल मला वाटलं, हो म्हणाले."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले ती भांडायच्या तयारीनंच. सर आधीच येऊन बसले होते. नारळ टेबलावर. मी तोंडाला येईल ते बोलले. सर ऐकत होते. मी म्हटलं, "ऐकू नका! बोला!" तेव्हा ते बोलले. त्यांना एक धाकटी बहीण होती. परभणीकडच्या एका खेड्यात दिलेली. निजामाचं राज्य जाताना, अठ्ठेचाळीसच्या गडबडीत गावंच्या गावं उठून चालली होती, तेव्हा तिनं माणूस पाठवून विचारलं, दादा, निघू का राहू? सरांनी सांगून पाठवलं, राहा, काही होत नाही. "मी सांगितलं म्हणून ती राहिली," सर म्हणाले. "घर जाळलं. ती आतच होती. त्यानंतरच परदेशी गेलो. तेव्हापासून मी कुणाला काही सांगितलं नाही."

मी म्हटलं, "मंग आता दोघी झाल्या, सर."

हे बोलल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं. पण त्या दिवसानंतर एक झालं. ऐकताना ते हनुवटी मुठीत घट्ट धरून बसायला लागले. मान हलू नये म्हणून. कुणीही बोलायला आलं की हात हनुवटीवर. गावात वाटलं, मास्तरांची दाढ दुखती. न्हाव्यानं लवंगेचं तेल आणून दिलं. अडतवाल्यानं एक वैदू पाठवला. सर सगळं घेत, दाढेला लावतसुद्धा. दाढ दुखत नाही हे कुणाला सांगणार, आणि मग काय दुखतं हे कसं सांगणार!

वर्ग त्यानंतर फार टिकला नाही. आम्ही पाच जणांनी परीक्षा दिली, पास झालो. शकूची जागा परीक्षेला रिकामी होती. पुढच्या वर्षी तीनच विद्यार्थी आले, मग संस्थेनं हात वर केले. सर हैदराबादेला परत गेले. तिरप्या मांडायच्या त्या दोन खुर्च्या अडतवाल्यानं दुकानात गिऱ्हाइकांसाठी ठेवल्या. मला नेमणूक मिळाली. सल्लागार म्हणून. मुलींच्या शाळेत रुजू झाले तर हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, "सल्ले आम्ही देतो, तुम्ही भूगोल शिकवा." जन्मभर नद्या आणि डोंगर शिकवले. एकदा एक पोर माझ्यापाशी येऊन रडली. लग्न ठरत होतं तिचं. मी सरळ तिच्या बापाच्या घरी जाऊन नको म्हणून सांगितलं, स्पष्ट, चारचौघांत. बाप म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?" आणि लग्न झालं. म्हणजे सरांच्या पद्धतीनं न्हाई, माझ्या पद्धतीनंबी न्हाई. मग कशानं होतं हो? मला ते अजून कुणी शिकवलेलं नाही.

पण वर्ग बंद पडायच्या आधी, आमच्या परीक्षेच्या थोडं अलीकडे, सर एकदा वाटूरला गेले होते. मला बरोबर नेलं, कारण एकट्या पुरुषमाणसानं कुणाच्या सुनेला भेटायला जाणं शोभत नाही. मंठ्याकडे जाणाऱ्या मोटारीत बसलो. रस्ताभर सर ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होते. मी कान दिला. "नको. पाठवू नका. जाऊ द्या." पाठांतर चाललं होतं, लहान पोर पाढे म्हणतं तसं.

पाटलांनी आम्हाला बघितलं आणि धावतच आले. "मास्तरसाब आले! मास्तरसाब!" घोंगडी अंथरली, पाणी दिलं, चहा सांगितला, शेजारच्या दोघा-तिघांना हाक मारून बोलावलं, हेच ते म्हणून दाखवलं. "तुमचे लई उपकार साब. पोरगी आली तवापासून साखळी काढून टाकली बगा. त्याच्यापाशी बसती. दिसभर तो बोलतो अन् ती ऐकती. आपण असं ऐकू शकत न्हाई. तुमच्या शिक्षणाचा गुण. आता तो दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत न्हाई, तीच लागती."

हे ऐकून मी पाण्याचा गडवा तसाच खाली ठेवला. शकू जर आमच्यासारखी असती, अर्धवट ऐकणारी, मधे बोलणारी, तर त्यानं तिलाही हाकललं असतं, आणि पाटलांनी चार महिन्यांत माहेरी आणून सोडली असती. ती वर्गात पहिली होती, म्हणूनच तिथं अडकली.

सर उभे राहिले. हनुवटीवरचा हात काढला. आणि बोलले, इतक्या मोठ्यानं की शेजारचे दचकले. "पाटील, मी त्या दिवशी नको म्हणायला पाहिजे होतं. आज म्हणतो. नको. ही इथं राहायला नको. हिला जाऊ द्या."

पाटलांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, साहेबांची तब्येत ठीक आहे ना, असं. मग हळू म्हणाले, "आता साब? आता ती गेली तर तो मरल." ते खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या तोंडावरून कुणालाही दिसलं असतं.

आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि शकू उंबऱ्यात आली. मी तिला पटकन ओळखलं नाही. पदर डोक्यावरून घट्ट होता, पण कानापाशी दिसत होतं, केस अगदी आखूड कापले होते. त्याच्या मुठीत सापडू नयेत म्हणून. सवाष्ण बाई, असे केस! मी पुढं झाले तर तिनं हातानंच थांबवलं.

"हळू बोला, सर," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

सरांनी आवाज खाली आणला. "शकुंतलाबाई, चला. मी सांगतो तुम्हाला. चला."

तिच्या तोंडावर राग नव्हता. मला तो बघायचा होता, पण नव्हता. ती म्हणाली, "त्या दिवशी सांगितलं असतं सर, तर आबांनी ऐकलं असतं. ते तुमच्याच तोंडाकडं बघून राह्यले होते. आता आबा न्हाई ऐकायचे. अन् मी उठले की तो विहिरीकडं पळतो. तुम्हीच सांगा, मी कशी येऊ?"

सरांचा हात पुन्हा हनुवटीवर गेला. मग म्हणाले, "मी पुन्हा येईन. दर महिन्याला येत जाईन. तुम्हाला बोलायचं असेल ते बोला, मी ऐकेन."

"नका येऊ, सर," शकू म्हणाली. "कुणी येऊन गेलं की त्याला मंग लई दिवस जड जातात. मलाबी."

आतून कुणीतरी कण्हल्याचा आवाज आला. ती वळली, आत गेली, आणि आतून कडी लावून घेतली.